प्रश्न गोलात परत सोडा : व्यसनमुक्तीचा गट घेणाऱ्या नव्या सहकाऱ्यासाठी

गट सुरू होण्याआधी वीस मिनिटं हॉलमध्ये जा आणि खुर्च्या स्वतः मांडा. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो रांगा लावेल, आणि रांगेतली माणसं एकमेकांच्या मानेकडे बघत बसतात. गोल करा. मधे टेबल नको. तुमची खुर्ची बाकीच्यांसारखीच असू द्या आणि ती फळ्याजवळ ठेवू नका. जेवढी माणसं तेवढ्याच खुर्च्या मांडा. एक जरी रिकामी राहिली तर कोणीतरी तिच्या पलीकडे जाऊन बसतं आणि गोल तिथं तुटतो. पंखा खडखडत असेल तर बंद करा, कारण पहिल्यांदा बोलणारा माणूस फार हळू बोलतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान केंद्रात तेरा वर्षं समुपदेशनाचं काम करते. उसाचा पट्टा आहे. येणारे बहुतेक दारूचे, त्यातही देशीचे जास्त. अलीकडे गांजाची आणि गोळ्यांची तरुण मुलंही येऊ लागलीत. एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या मुली आमच्याकडे शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, गटात आपण बोलायचं काय?" त्यांना मी सांगते, तुम्ही कमी बोला आणि त्यांना एकमेकांशी बोलतं करा. एवढं एक जमलं तर उरलेलं शिकता येतं. पण ते जमवायचं कसं हे कळायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कोणाला बसवायचं, कोणाला थांबवायचं

नुकती दारू थांबलेल्या माणसाला गटात ओढू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, दिवस-वार कळत नाही, अंगावर किडे चढल्यासारखे वाटतात. हे जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही. म्हणूनच घरच्यांना "घरी कोंडून ठेवा, आपोआप उतरेल" असा सल्ला कधीही देऊ नका. आमच्याकडे डॉक्टरांनी वहीत सही केल्याशिवाय पेशंटला गटात बसवत नाही. आणि गट चालू असताना कोणी एकदम असंबद्ध बोलायला लागला, तर गट थांबवून आधी त्याला डॉक्टरांकडे न्या.

पहिल्या आठवड्यात डोकं जडच असतं. तेव्हा माणूस नुसता बसला तरी चालेल. "तुम्ही आज ऐका" असं त्याला सर्वांसमोर सांगितलं की त्याच्यावरचा भार उतरतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार ज्याच्या मनात आहेत, त्याच्याशी आधी एकट्यानं बोला.

आठ ते दहा माणसं बरी. बारा झाली तरी निभतं. पंधराच्या पुढं गेलात की तुम्हाला कळण्याआधी त्याचं व्याख्यान झालेलं असतं. वेळ सव्वा तास. चहा गटानंतर ठेवा, आधी नाही, नाहीतर अर्धे लोक कपाच्या नादात उशिरा येतात. बायकांचा गट वेगळा घ्या. व्यसन लागलेली बाई पुरुषांच्या गोलात बसली की तिच्याकडे बघण्याची तऱ्हाच वेगळी होते. ती तोंड उघडत नाही, आणि तिची त्यात काहीही चूक नसते.

एका तासात एकच काम

गट म्हटला की सगळे एकाच साच्यातले नसतात, आणि नव्या माणसाची गल्लत इथंच होते. दारूचं यकृतावर काय होतं, औषधं कशी चालतात, हा माहितीचा तास. तिथं तुम्ही बोललात तरी हरकत नाही, फळा वापरा, अर्ध्या तासात आटपा. नकार द्यायला, राग आवरायला शिकवणं हा सरावाचा गट. डोक्यातले विचार तपासणं हा वेगळा. आणि ज्यात माणूस आपलं मांडतो, तो शेअरिंगचा गट. माहिती सांगता सांगता मधेच "आता मनातलं सांगा" म्हणू नका. माणसाला कोणत्या पवित्र्यात बसायचं ते आधी कळावं लागतं. पुढचं बहुतेक सगळं शेअरिंगबद्दल आहे, कारण तोच सर्वात अवघड.

नियम तीन, पण नीट समजावून

पहिला : इथलं इथंच राहील. याला एक अपवाद आहे आणि तो मी आधीच उघड सांगते. कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, तर मी गप्प बसणार नाही. हे नंतर सांगितलं तर दगा वाटतो. आमच्यासारख्या भागात हा नियम फार जपावा लागतो, कारण गोलात एकाच गावचे दोघे, कधी मामा-भाचेही निघतात. तसं असेल तर दोघांना विचारून एकाचा गट बदला.

दुसरा : पिऊन आलात तर आज बसायचं नाही, पण उद्या जागा तुमचीच.

तिसरा नियम भाषेचा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोलताना "मी" म्हणायचं. आमच्याकडची माणसं स्वतःबद्दल बोलताना "आपण" म्हणतात. "आपण काय करतो मॅडम, टेन्शन आलं की आपण थोडी घेतो." या आपणमध्ये तो आहे, मी आहे, सगळं गाव आहे, त्यामुळं नेमकं कोण प्यालं ते कळतच नाही. तीच गत क्रियापदांची. दारू "लागली", मग "सुटली", मग परत "झाली". जणू पाऊस आला नि गेला. मी टोकत नाही, नुसतं विचारते, "आपण म्हणजे कोण, दादा?" तो हसतो आणि म्हणतो, "मी." मग वाक्य पुन्हा म्हणायला लावते. "टेन्शन आलं की मी पितो." हे म्हणताना बहुतेकांचा आवाज बदलतो. चार-पाच दिवसांनी मला विचारावं लागत नाही. नवा कोणी "आपण" म्हणाला की जुन्यांपैकीच एखादा विचारतो, "आपण म्हणजे कोण, भाऊ?"

तसंच "थोडी" या शब्दाचं. थोडी म्हणजे नव्वद, का क्वार्टर, का खंबा? आकडा येऊ द्या. क्वार्टर म्हणजे १८० मिली. रोज दोन क्वार्टर म्हणजे महिन्याला दहा लिटरच्या वर. हा हिशेब तुम्ही करून दाखवू नका, शेजारच्याला करायला सांगा.

प्रश्न तुमच्याकडं आला तर

पहिली काही वर्षं मी उत्तरं द्यायची. एका पन्नाशीच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांनी विचारलं होतं, "मॅडम, लग्नात पाव्हणे आग्रह करत्यात, तवा काय सांगायचं?" मी पाच मिनिटं बोलले. त्यांनी मान डोलावली. पुढच्या लग्नात ते प्याले.

आता तोच प्रश्न आला की मी गोलाकडे वळते : "यातलं कोणी असल्या लग्नाला जाऊन कोरडं परत आलंय का?" आणि थांबते. मनात वीसपर्यंत आकडे मोजते. शांतता नव्या समुपदेशकाला फार बोचते आणि तोच आधी तोंड उघडतो. तुम्ही उघडू नका. पंधरा-सोळाच्या आसपास कोणीतरी खाकरतं. एकदा एक गवंडी म्हणाला, "मी थोरल्या पोराला संगट नेतो. अक्षता पडल्या की पहिल्या पंगतीला बसतो, हात धुतलं की गाडी चालू. मांडवाच्या मागं जातच नाही." मांडवाच्या मागं! मी पाच मिनिटांत एवढं बोलले होते, पण लग्नात दारू कुठं बसते हे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. विचारणाऱ्यानं लगेच पुढचा प्रश्न गवंड्यालाच विचारला, "आन नवऱ्याचा बापच हात धरून घिऊन गेला तर?" आता ते दोघं बोलत होते आणि मला काही करायचं उरलं नव्हतं.

असं का होतं, याचं मूळ मला दारू सोडलेल्यांनी एकमेकांसाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सुरुवातीत दिसतं. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. व्यवहार फिसकटला, हॉटेलच्या बारमधून आवाज येत होते, पिण्याची ओढ अनावर झाली. तेव्हा त्यानं फोन करून करून दुसरा एखादा दारुडा शोधला, बोलायला. तो निघाला डॉक्टर बॉब स्मिथ, पेशानं सर्जन. बिल त्याला उपदेश करायला गेला नव्हता, आपली स्वतःची दारू लांब राहावी म्हणून गेला होता. बोलणाऱ्याला आधी फायदा होतो, ऐकणाऱ्याला नंतर. पुढं इर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञानं गटात बरं करणाऱ्या अकरा गोष्टी सांगितल्या, त्यांत हेही आहे : दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. वर्षानुवर्षं घरात "तू कशाच्या कामाचा नाहीस" ऐकलेल्या गवंड्याचं म्हणणं कोणीतरी मन लावून ऐकलं, हे औषध मी कुठून देणार होते? उत्तर मी दिलं असतं, तर त्याचं औषध मी काढून घेतलं असतं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी ते सुरू केल्यापासून, व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांना कामात सामावून घेतलं गेलं आहे. तुमच्या केंद्रात अशी दोन माणसं असतील तर त्यांना गटात तुमच्यासमोर बसवा, शेजारी नको. शेजारी बसली की ती तुमच्या बाजूची होतात.

किस्से सकाळपर्यंत न्या

गटात एक धोका हळूच शिरतो. कोणीतरी जुना किस्सा सांगायला लागतं : धाब्यावरची रात्र, मित्र, पैजा, पहाटे शेतात उठलो ती गंमत. सगळे हसतात. तोंडाला पाणी सुटतं, डोळे चमकतात. गट संपल्यावर तिघा-चौघांना ओढ लागलेली असते आणि ती आपण लावलेली असते.

किस्सा तोडू नका, तो पुढं न्या. "मग घरी किती वाजता पोचलात? दार कोणी उघडलं? पोरं जागी होती का? सकाळी पहिली गोष्ट काय केलीत?" कथा सकाळपर्यंत आली की तिच्यात घरातली माणसं येतात. एका पोरसवदा मुलानं अशीच गंमत सांगितली होती. दार कोणी उघडलं म्हटल्यावर तो म्हणाला, "आज्जीनं. ती रोज ओट्यावर बसून र्‍हायची." पुढं त्याला बोलता येईना. बाजूच्या माणसानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. अशा वेळी पाण्याचा ग्लास घेऊन धावू नका. माणूस रडत असेल तर रडू द्या, गोल ते सांभाळतो.

हल्ला थांबवायला उशीर करू नका

ही माझी चूक आहे आणि ती मी दर नव्या मुलीला सांगते. चौथ्या-पाचव्या वर्षी एका गटात एक जण सांगत होता, की बायकोच्या कटकटीमुळं तो पितो. दुसरा उसळला, "खोटं बोलतोस." तिसरा, चौथा. "आमी बी हेच बोलायचो." मला वाटलं, हेच खरं काम चाललंय, खोटेपणा गळून पडतोय. मी वीस मिनिटं थांबवलं नाही. त्या माणसानं मान खाली घातली ती वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी गेला. अडीच महिन्यांनी त्याला परत आणलं तेव्हा कावीळ झाली होती आणि पोटात पाणी होतं.

ते चौघे चुकीचं बोलत नव्हते. पण माणसाला कोपऱ्यात दाबलं की तो आपल्या दारूची बाजू आणखी घट्ट धरतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ सालापासून हेच मांडलं : जितकं ढकलाल तितका तो उलटं बोलेल, आणि बदलायचं कारण त्याच्याच तोंडून यायला हवं. आता पहिला उसळला की मी त्याच्याकडेच वळते. "हे तुम्हाला इतकं लागलं, यातलं तुमचं काय आहे?" तो क्षणभर गोंधळतो, आणि बहुतेक वेळा म्हणतो, "मीबी माझ्या बायकोवर ढकलायचो." आता हल्ला उरला नाही, शेअरिंग झालं. आणि ज्याच्यावर तो तुटून पडला होता तो मान वर करून ऐकतो.

फार बोलणाऱ्याचंही असंच प्रेमानं करा. त्याचं नाव घेऊन, त्याचं एक वाक्य उचलून ते दुसऱ्याला द्या : "दादा म्हणाले झोप लागत नाही. तुमचं कसं?"

'च' शोधायचा तास

विचारांच्या गटासाठी मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरते, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा हट्टी विचार तपासायचा. मराठीत ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. आपल्या भाषेत या कामासाठी एक आयतं हत्यार आहे, 'च' हे अक्षर. फळ्यावर तीन रकाने आखा : काय घडलं, मनात काय आलं, मी काय केलं. एकाला त्याचा प्रसंग सांगायला लावा. मागच्या महिन्यातला एक : धाकट्या भावानं न विचारता सामाईक विहिरीवर मोटर बसवली. मी काय केलं? प्यालो, तीन दिवस. मधला रकाना रिकामा. "मनात काय आलं?" "काय न्हाय, डोकं सटकलं." इथं गटाला कामाला लावा, त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते बाकीच्यांनी सांगायचं. पाच मिनिटांत वाक्यं आली : "मी थोरला, त्यानं मला विचारलंच पाहिजे." "हे मी सहन करूच शकत नाही." "आता प्यायलाच पाहिजे."

मग सगळ्यांनी 'च' हुडकायचे. एकेक पुसायचा आणि वाक्य परत वाचायचं. "त्यानं विचारायला पाहिजे होतं." हे खरं आहे, वाईटही वाटेल. पण यात तीन दिवसांची दारू बसत नाही. घाई करू नका. "भावाचं चुकलं नाही" असं चुकूनही म्हणू नका, त्याचं चुकलेलंच असतं. प्रश्न एवढाच, की त्याच्या चुकीचा दंड कोण भरतोय. हे वाक्यसुद्धा मी बोलत नाही, वाट बघते. गटातून कोणीतरी बोलतंच, आणि त्याच्या तोंडी ते जास्त शोभतं.

कॅलेंडर आणि नकार

घरी जायच्या आधीच्या आठवड्यात भिंतीवरचं कॅलेंडर काढून गोलात मधे ठेवा. ज्यानं त्यानं आपले धोक्याचे दिवस सांगायचे. गावची जत्रा, आठवड्याचा बाजार, उसाचं बिल खात्यावर जमा होतं तो दिवस, बेंदूर, आषाढ अमावस्या, विसर्जन, धुळवड, थर्टी फर्स्ट. एकानं सांगितलं, वडिलांच्या वर्षश्राद्धाचा दिवस. तो कोणाच्याच यादीत बसला नसता. प्रत्येक दिवसापुढं लिहायचं : त्या दिवशी संध्याकाळी सहा ते नऊ मी कुठं असेन, कोणासोबत, आणि खिशात किती पैसे असतील.

ओढ येते तशी जाते, लाटेसारखी, बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. हे नुसतं सांगून पटत नाही. केंद्रात असताना ज्याला ओढ लागेल त्यानं घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची आणि गटात वाचायची. कोणाची बारा मिनिटं, कोणाची पंचवीस. दुसऱ्याचे आकडे ऐकून धीर येतो.

नकाराचा सराव खरोखर उभं राहून करा. एक जण पाव्हणा, हातात पाण्याचा ग्लास. "आज नको" म्हटलं की उद्याचं आमंत्रण पक्कं होतं. "गोळ्या चालू हायेत" म्हटलं की गोळ्या कधी संपतात ते विचारतात. आमच्या गटानं शेवटी ठरवलेलं वाक्य तीन शब्दांचं आहे : "मी घेत नाही." ते म्हणून जागेवरून उठायचं. ज्याला डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी दिलीय त्याच्याबाबत गटाला एक गोष्ट माहीत असायला हवी : त्यावर दारू प्याली तर गंभीर त्रास होऊ शकतो, त्यामुळं "चाखून बघ" हा मस्करीचा विषय नाही.

आणि माळ. आमच्या भागात कितीतरी जण पंढरीची माळ घालून दारू सोडतात. शिकलेल्या कार्यकर्त्यांनी याला नाकं मुरडू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यानं माळ घातलीय त्याला गटात विचारा, माळ घातल्यावर दिवस कसा बदलला? तो सांगतो : संध्याकाळी भजन, सोबतीला चार माणसं, हॉटेलात गेलं तर लोक गळ्याकडं बघतात. म्हणजे वेळ, सोबत आणि लक्ष ठेवणारी माणसं. केंद्रातून गेल्यावर नेमकं हेच हवं असतं. मात्र ज्यानं माळ खुंटीला अडकवून परत दारू घेतली, त्याला गटात पाप-पुण्याच्या चर्चेत सापडू देऊ नका.

घसरलेला माणूस परत येतो तेव्हा

तो दारात उभा राहतो, आत यायचं धाडस होत नाही. त्याची खुर्ची आधीच मांडलेली असावी. "का प्यालात?" विचारू नका. याचं उत्तर त्याला माहीत नसतं, आणि माहीत नसलं की तो ते बनवतो. विचारा, "पहिल्या घोटाआधीचे तीन दिवस सांगा." मग बारीकसारीक बाहेर येतं : झोप कमी झाली होती, फॉलोअप चुकवला, जुन्या मित्राचा फोन उचलला, दुपारी जेवला नव्हता. दारू पिण्याआधी दोन दिवस घसरण सुरू झालेली असते. हे ऐकताना बाकीचे आपापले तीन दिवस मनात तपासत असतात. लांबच्या गावी परतणाऱ्याला मी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर कागदावर नाही, फोनमध्येच सेव्ह करून देते. सोबत गटातल्या दोघांचे नंबरही, त्यांची परवानगी घेऊन.

पेशंटांच्या बायकांचा, आयांचा गट मी बुधवारी वेगळा घेते. तिथलं काम वेगळंच आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन. इथं एवढंच, की त्यांना "तुम्ही सांभाळून घ्या" असं कोणीही म्हणू नये. त्यांनी आजवर तेच केलंय. आणि घरात मारहाण होत असेल तर तो विषय गटात न आणता त्या बाईशी एकटीशी बोला.

शेवटची दहा मिनिटं

गट वेळेवर संपवा. शेवटी प्रत्येकानं एकच सांगायचं : आज रात्री झोपेपर्यंत मी काय करणार. जन्मभराच्या शपथा नकोत. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा त्यांनी ढीगभर मोडल्यात आणि प्रत्येक मोडलेली शपथ आत सलत असते. कोणी पेटलेला किंवा फार गप्प दिसला तर चहाच्या वेळी त्याच्याजवळ जाऊन बसा.

सगळे गेल्यावर एका कागदावर गोल काढा, खुर्च्यांच्या जागी टिंबं, नावं नकोत. कोण कोणाशी बोललं त्याच्या रेघा ओढा. माझ्या पहिल्या वर्षीचे कागद मी ठेवलेत. बैलगाडीच्या चाकासारखे दिसतात, सगळ्या रेघा माझ्याकडं येतात आणि माझ्याकडून जातात. परवा गुरुवारच्या कागदावर एकतीस रेघा आहेत. माझ्या टिंबाला चारच लागल्यात, आणि त्यातली एक पंखा बंद करा म्हणून सांगणाऱ्याची आहे.